महानायकाची पुनर्घडण : स्पायडर-मॅनच्या उगमकथेतील स्थिर व चल घटक

सारांश

दीर्घकाळ प्रसिद्ध होत राहिलेल्या कॉमिक्समधील महानायकाला प्रत्येक नव्या वाचकपिढीसाठी पुन्हा घडवावे लागते. अशा पुनर्घडणीत काय बदलता येते आणि काय टिकवावे लागते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात स्पायडर-मॅन या पात्राच्या आधारे केला आहे. १९६२ मधील मूळ कथा, २००० मधील ‘अल्टिमेट’ आवृत्ती, २००४ मधील मुंबईत घडणारी भारतीय आवृत्ती, २०११ मधील माइल्स मोरालेस आणि २०२४ मधील प्रौढ पीटर पार्कर ही पाच रूपे येथे तुलनेसाठी घेतली आहेत. वेश, स्थळ, वय, वंश, इतकेच काय काकांचा मृत्यूदेखील बदलता येतो. परंतु शक्ती कोणतीही सक्ती न करता येते आणि कर्तव्य मात्र नायकाला स्वतः स्वीकारावे लागते, हे नाते सैल झाले की पात्राचे वेगळेपण क्षीण होते, असे या तुलनेतून दिसून येते.

बीजशब्द : कॉमिक्स, महानायक, उगमकथा, कथासातत्य, पुनर्कथन, स्थानिकीकरण.

१. प्रस्तावना

कादंबरीतील पात्राचे आयुष्य सामान्यतः लेखकाच्या शेवटच्या वाक्यापाशी संपते. अमेरिकन कॉमिक्समधील महानायकाचे तसे नसते. तो प्रकाशनसंस्थेच्या मालकीचा असतो, दरमहा नव्या अंकात अवतरतो, त्याचे लेखक आणि चित्रकार बदलत राहतात. तो मात्र म्हातारा होत नाही. वाचक मोठे होतात, समाज बदलतो, तंत्रज्ञान बदलते आणि जगाच्या या वाटचालीत नायक मागे पडू लागतो. यावर उपाय म्हणून त्याची कथा पुन्हा पहिल्यापासून सांगितली जाते. या क्रियेला येथे ‘पुनर्घडण’ असे म्हटले आहे.

जुन्या पात्राला नव्या काळात पुन्हा उभे करणे मराठी वाचकाला अपरिचित नाही. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मधील कर्ण आणि इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील व्यक्तिरेखा महाभारतातूनच आलेल्या असल्या तरी त्या विसाव्या शतकातील वाचकाशी बोलतात. मात्र महाभारताचा कोणी मालक नाही; महानायकाच्या पुनर्घडणीमागे मात्र मालकी, विक्री आणि वाचकसंख्या यांचे गणित असते. हे गणित मान्य करूनही एक वाङ्मयीन प्रश्न शिल्लक राहतो. सर्व तपशील बदलल्यानंतरही ‘हा तोच नायक आहे’ असे वाचक कशाच्या आधारे म्हणतो?

काळाच्या अडचणीवर काही निर्मात्यांनी आरंभीच उपाय योजला होता. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ हा मराठी वाचकांना इंद्रजाल कॉमिक्समुळे ‘वेताळ’ या नावाने परिचित झाला. हा वेताळ एकच एक पुरुष नाही. पित्याकडून पुत्राकडे चालत आलेल्या परंपरेतील तो एकविसावा होय. नायक हे व्यक्तीचे नाव नसून पदाचे नाव असल्याने काळाचा प्रश्न कथेतच सुटतो. स्पायडर-मॅनच्या कथेत अशी सोय नव्हती. तो पीटर पार्कर नावाचा एकच मुलगा होता. म्हणूनच त्याच्या पुनर्घडणीचा इतिहास अभ्यासकाला अधिक काही शिकवतो.

२. मूळ कथेची रचना

स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी निर्माण केलेला स्पायडर-मॅन ‘अमेझिंग फँटसी’ या नियतकालिकाच्या पंधराव्या अंकात, ऑगस्ट १९६२ मध्ये, प्रथम प्रकट झाला. ही कथा अवघी अकरा पृष्ठांची आहे. न्यूयॉर्कमधील क्वीन्स भागात बेन काका आणि मे काकू यांच्याकडे वाढणारा, अभ्यासू आणि वर्गमित्रांच्या चेष्टेचा विषय झालेला पीटर एका विज्ञान-प्रात्यक्षिकाला जातो. किरणोत्सर्गाने बाधित झालेला कोळी त्याला चावतो आणि कोळ्याच्या शक्ती त्याच्या अंगी येतात. या शक्तीचा पहिला उपयोग तो पैसा आणि प्रसिद्धी मिळविण्यासाठी करतो. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमानंतर एक चोर त्याच्यासमोरून पळून जातो. त्याला अडविणे सहज शक्य असूनही पीटर अडवीत नाही; ते आपले काम नव्हे, अशी त्याची भूमिका असते. पुढे बेन काकांचा खून होतो. खुन्याला पकडल्यावर तो तोच चोर असल्याचे पीटरला कळते.

या रचनेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे शक्ती अपघाताने येते. पीटरची निवड कोणी केलेली नाही. कोळी दुसऱ्या कोणाला चावला असता तर कथा त्याची झाली असती. दुसरी गोष्ट म्हणजे पीटरचा दोष कृतीचा नसून अकृतीचा आहे. त्याने कोणतेही दुष्कृत्य केलेले नाही. करता येण्यासारखे होते ते त्याने केले नाही, इतकेच. कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष आहे, स्वतःच्या दृष्टीने नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सामर्थ्याबरोबर जबाबदारी येते हा सुप्रसिद्ध विचार मूळ कथेत बेन काकांच्या तोंडी नाही. तो अखेरच्या चौकटीतील निवेदनात येतो. तो काकांचा उपदेश म्हणून रूढ झाला तो नंतरच्या पुनर्कथनांमुळे. ज्याला वाचक ‘मूळ’ समजतात तेही अनेकदा पुनर्घडणीतून सिद्ध झालेले असते, याचा हा बोलका नमुना आहे.

डिट्को यांनी रेखाटलेल्या वेशाचाही येथे विचार करावा लागेल. मुखवटा संपूर्ण चेहरा झाकतो. त्वचेचा तसूभर भागही दिसत नाही. त्यामुळे वेशाच्या आत कोणीही असू शकतो. पुढील काळात या पात्राने वंश आणि देश यांच्या सीमा सहज ओलांडल्या, त्याची दृश्य पूर्वतयारी या वेशात आधीच झालेली होती.

३. साचत गेलेला काळ

मार्च १९६३ पासून ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली. आरंभी पीटरचे वय वाढत गेले. तो शाळेतून महाविद्यालयात गेला. १९७३ मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली गेली. १९८७ मध्ये मेरी जेनशी त्याचा विवाह झाला. प्रत्येक घटना पुढील लेखकांना बांधून ठेवणारी होती. यालाच कथासातत्य म्हणतात. जुन्या वाचकाला ते सातत्य म्हणजे संपत्ती वाटते, नव्या वाचकाला ते ओझे होते. १९९४ ते १९९६ या काळातील पीटरच्या प्रतिरूपांची लांबलेली कथा ही या गुंतागुंतीची परिसीमा मानली जाते. डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याची कारणे व्यापक असली तरी नवे वाचक कोठून आणायचे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नव्हता.

पहिला प्रयत्न १९९८-९९ मध्ये ‘चॅप्टर वन’ या मालिकेद्वारे झाला. १९८६ मध्ये सुपरमॅनची यशस्वी पुनर्घडण करणारे जॉन बर्न हेच तिचे लेखक-चित्रकार होते. त्यांनी आरंभीच्या कथा आधुनिक तपशील घालून पुन्हा सांगितल्या आणि पीटरच्या व डॉक्टर ऑक्टोपसच्या शक्तींचे मूळ एकाच अपघातात दाखविले. हा प्रयत्न रुजला नाही. पुढील लेखकांनी तो बहुतांशी बाजूला ठेवला. त्याचे कारण शोधताना असे दिसते की येथे कथेची जुळणी अधिक नीट करण्यात आली, परंतु नव्या वाचकाचे जग कथेत आले नाही. शिवाय दोन शक्तींना एकच उगम दिल्याने योगायोगाचा मोकळेपणा कमी झाला.

४. विस्ताराचा मार्ग : ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’

२००० मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ या मालिकेने वेगळी वाट धरली. जुने कथाविश्व तसेच ठेवून त्याला समांतर असे नवे विश्व निर्माण करण्यात आले. त्यामुळे जुन्या वाचकाचे काही हिरावले गेले नाही आणि नव्या वाचकाला मागील ३८ वर्षे वाचण्याची गरज उरली नाही. लेखक ब्रायन मायकेल बेंडिस आणि चित्रकार मार्क बॅगली यांनी सलग १११ अंक एकत्र काम केले.

या आवृत्तीतील पीटर पंधरा वर्षांचा आहे. कोळी किरणोत्सर्गी नसून जनुकीय प्रयोगातून निर्माण झालेला आहे. १९६२ मध्ये अणुशक्तीविषयी जी भीती होती तिची जागा २००० पर्यंत जनुकशास्त्राने घेतली होती. वृत्तपत्राला छायाचित्रे विकणारा पीटर येथे त्याच वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचे काम पाहतो. परंतु हे बदल वरवरचे आहेत. खरा बदल कथनाच्या गतीत आहे. अकरा पृष्ठांची कथा येथे सात अंकांपर्यंत विस्तारली. मूळ कथेत अवघ्या काही चौकटींत दिसणारे बेन काका येथे बोलतात, रागावतात, समजूत घालतात. वाचक त्यांना ओळखू लागल्यानंतरच त्यांचा मृत्यू येतो. घटना तीच, तिचे वजन मात्र वाढलेले. अपघाताने आलेली शक्ती, टाळलेले कर्तव्य आणि त्यानंतरची अपराधी जाणीव हे तीनही दुवे अबाधित ठेवून केवळ त्यांच्यामधील अवकाश भरण्यात आला. या आवृत्तीचे यश मुख्यतः यात आहे.

५. स्थानांतराचा मार्ग : मुंबईतील पवित्र प्रभाकर

स्पायडर-मॅनला दुसऱ्या देशात रुजविण्याचे प्रयत्न यापूर्वीही झाले होते. जपानमध्ये १९७०-७१ या काळात रियोइची इकेगामी यांनी यू कोमोरी या जपानी विद्यार्थ्याला स्पायडर-मॅन केले. १९७८ मधील जपानी दूरचित्रवाणी मालिकेत तर नायकाला परग्रहवासीयाकडून शक्ती मिळते आणि त्याच्या दिमतीला प्रचंड यंत्रमानवही असतो. नाव आणि वेश कायम राहून आशय पूर्णपणे बदलल्याचे हे उदाहरण होय.

भारतात हा प्रयोग २००४ मध्ये गॉथम एंटरटेनमेंट ग्रुप या प्रकाशनसंस्थेने मार्व्हलच्या सहकार्याने केला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांच्या या चार अंकी मालिकेचे वर्णन भाषांतर असे न करता ‘ट्रान्सक्रिएशन’, म्हणजे पुनर्सर्जन, असे केले गेले. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. बेन काका आणि मे काकू हे भीमकाका आणि मायाकाकू झाले. मेरी जेनची मीरा जैन आणि नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय झाला. क्वीन्सच्या जागी मुंबई आली. नायकाच्या वेशाचा वरचा भाग परिचित राहिला. खाली धोतर आले.

या मालिकेचा आरंभ आशादायक आहे. पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईतील शाळेत आला आहे. त्याच्या गावाकडील पेहरावाची सहाध्यायी टिंगल करतात. पीटरचे एकाकीपण अमेरिकन शाळेतील हुशार मुलाचे एकाकीपण होते. पवित्रचे एकाकीपण गाव आणि महानगर यांतील अंतरातून येते. शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या मुलाला बोलण्याची ढब, कपडे आणि पैसा यांवरून जे सोसावे लागते ते महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वर्गातही अनोळखी नाही. पुनर्घडणीला आवश्यक असलेले सामाजिक द्रव्य येथे हाताशी होते. नैतिक दुवाही जपलेला आहे. गुंडांच्या तावडीत सापडलेल्या स्त्रीला मदत न करता पवित्र निघून जातो आणि तिला वाचविण्यासाठी धावलेले भीमकाका प्राणास मुकतात. मूळ कथेत चोर आणि खुनी यांची गाठ योगायोगाने पडते. येथे मात्र ज्या क्षणी पुतण्या मागे हटतो त्याच प्रसंगात काका पुढे होतात. नैतिक तुलना अधिक थेट होते. या एका बाबतीत भारतीय आवृत्ती मूळ कथेपेक्षा घट्ट विणलेली आहे, असे म्हणता येईल.

अडचण शक्तीच्या उगमात आहे. पवित्रला शक्ती मिळते ती एका प्राचीन योग्याकडून, आणि तीही जगावर येऊ घातलेल्या अरिष्टाशी लढण्यासाठी. खलनायक ताइताच्या प्रभावाने राक्षस होतो. विज्ञानाच्या जागी दैवी योजना आल्याने कथेचा नैतिक अक्षच सरकतो. पीटरला शक्तीबरोबर कोणतीही आज्ञा मिळालेली नव्हती. तिचे काय करायचे हे त्याला चुकत-माकत ठरवावे लागले. पवित्रला शक्तीबरोबर कार्यही नेमून दिलेले आहे. वरदान मिळालेल्या पुरुषाने असुराचा संहार करावा, हा साचा भारतीय वाचकाच्या इतक्या परिचयाचा आहे की त्यात नायकाच्या निर्णयाला फारसे स्थान उरत नाही. भीमकाकांच्या मृत्यूचे दुःख राहते. पण त्याविना पवित्र नायक झाला नसता, असे मात्र म्हणता येत नाही.

येथे स्थानिकीकरणाविषयीचा एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. संस्कृतीची चिन्हे आणणे आणि समाजातील ताण आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोतर, योगी, राक्षस ही चिन्हे बाहेरच्या वाचकाला ‘हे भारतीय आहे’ असे चटकन सांगतात. शिष्यवृत्तीवर आलेला खेड्यातील मुलगा हे चिन्ह नव्हे. ती परिस्थिती आहे आणि परिस्थितीतूनच नैतिक पेच निर्माण होतात. चार अंकांच्या मर्यादेत चिन्हांनी परिस्थितीवर मात केली.

६. वारशाचा मार्ग : माइल्स मोरालेस

‘अल्टिमेट’ विश्वातील पीटर पार्कर २०११ मध्ये मारला गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेंडिस व चित्रकार सारा पिकेली यांनी त्याचा उत्तराधिकारी वाचकांसमोर आणला. माइल्स मोरालेस हा ब्रुकलिनमधील तेरा वर्षांचा मुलगा. त्याचे वडील आफ्रिकन-अमेरिकन आणि आई पोर्टो रिकन वंशाची आहे. या निवडीवर अमेरिकेत बराच वाद झाला. परंतु केवळ वंश बदलल्यामुळे हे पात्र टिकले, असे म्हणणे अपुरे ठरेल.

माइल्सच्या कथेतील पहिला महत्त्वाचा प्रसंग कोळी चावण्याचा नसून शाळाप्रवेशाच्या सोडतीचा आहे. चांगल्या शाळेत जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. सोडतीत माइल्सचा ४२ हा क्रमांक निघतो. त्याला चावणाऱ्या कोळ्यावरही हाच क्रमांक असतो. मूळ कथेतील योगायोग येथे सामाजिक वास्तवाशी जोडला गेला आहे. चांगले शिक्षण काहींना मिळते व काहींना मिळत नाही, हाही नशिबाचाच खेळ असेल, तर ज्याला ते मिळाले त्याच्यावर कोणते उत्तरदायित्व येते? पीटरच्या कथेतील जुनाच प्रश्न येथे वेगळ्या समाजस्थितीत विचारला गेला आहे.

इतर दुवेही असेच बदलून जपले आहेत. माइल्सचे काका आरन हे सज्जन मार्गदर्शक नसून चोर आहेत; तो कोळी त्यांच्या चोरीच्या मालाबरोबरच घरात आलेला असतो. काका ही संस्था कायम राहते, तिची नैतिक दिशा उलटते. अकृतीचा दोषही आहे. शक्ती लाभूनही माइल्स सामान्य आयुष्य पसंत करतो आणि त्यानंतर पीटरचा मृत्यू होतो. आपण आधीच पुढे आलो असतो तर कदाचित तो वाचला असता, ही जाणीव त्याला कृतीकडे नेते. म्हणजे माइल्सच्या बाबतीत बेन काकांची जागा स्वतः पीटर पार्कर घेतो. वेताळाच्या परंपरेत वारसा जन्माने मिळतो. येथे तो अपराधी जाणिवेतून मिळतो. २०१५ नंतर माइल्सला मार्व्हलच्या मुख्य कथाविश्वात स्थान देण्यात आले. त्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट सचेतनपटाचा ऑस्कर पुरस्कारही मिळाला.

७. दोन अलीकडील कसोट्या

वर मांडलेल्या प्रतिपादनाला दोन अलीकडील कलाकृती कसोटीवर घेतात. २०२३ मधील ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटात पवित्र प्रभाकर परत आला. भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. मुंबई आणि मॅनहॅटन यांच्या मिश्रणातून कल्पिलेल्या ‘मुंबॅटन’ या शहरात तो राहतो. येथील पवित्र आनंदी आणि बोलका आहे. ‘चाय टी’ म्हणणाऱ्या पाहुण्याला तो एकाच शब्दाची द्विरुक्ती होत असल्याचे हसत सुनावतो. २००४ मध्ये बाहेरून दाखविलेले भारतीयत्व येथे आतल्या माणसाच्या तोंडून बोलते.

त्याहून महत्त्वाचा आहे चित्रपटातील वाद. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात ठरावीक दुःखद घटना घडल्याच पाहिजेत, अन्यथा त्याचे विश्व कोसळेल, असे त्यातील एक पात्र बजावते. पवित्रच्या शहरातील पोलीस अधिकाऱ्याला वाचवून माइल्स हा नियम मोडतो आणि पुढे स्वतःच्या वडिलांचा ठरलेला मृत्यूही मान्य करण्यास नकार देतो. येथे पुनर्घडणीचा प्रश्न कथेबाहेर न राहता कथेचाच विषय झाला आहे. घटनांची पुनरावृत्ती हेच पात्राचे सत्त्व, अशी एक बाजू. निर्णयाचे स्वातंत्र्य हे सत्त्व, अशी दुसरी.

२०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेत्तो यांनी सुरू केलेली ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’ ही नवी मालिका दुसऱ्या बाजूला बळ देते. येथील पीटर तिशी ओलांडलेला, विवाहित आणि दोन मुलांचा बाप आहे. बेन काका जिवंत आहेत. मृत्यू आलेला आहे तो मे काकूंना. तारुण्यात चावायचा कोळी त्याच्यापासून हिरावला गेला होता. आता ती शक्ती त्याच्यासमोर ठेवली जाते आणि ती घ्यावी की नाही हे त्याने ठरवायचे असते. अपघात नाही, चोर नाही, काकांचा मृत्यू नाही. तरीही वाचकाला हा स्पायडर-मॅन वाटतो, कारण निर्णय सर्वस्वी त्याचा आहे आणि त्याची किंमत त्याच्या संसाराला मोजावी लागणार आहे. पवित्रच्या २००४ मधील कथेशी याची तुलना उद्बोधक ठरते. दोन्हीकडे शक्ती कोणीतरी देऊ करतो. एकीकडे ती नेमणूक ठरते, दुसरीकडे तो प्रश्न राहतो.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

(१) महानायकाच्या उगमकथेत चल घटकांची संख्या वाटते त्यापेक्षा मोठी आहे. विज्ञानाचा प्रकार, शहर, वय, वंश, नातेसंबंध आणि प्रमुख मृत्यूदेखील बदलता येतो.

(२) स्पायडर-मॅनच्या बाबतीत स्थिर घटक ही एखादी घटना नसून एक नाते आहे. शक्ती आज्ञा देत नाही; तिच्या वापराचा निर्णय नायकाला घ्यावा लागतो आणि न घेतलेल्या निर्णयाचीही किंमत असते.

(३) नव्या वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी त्याच्या संस्कृतीची चिन्हे वापरणे पुरेसे नसते. त्याच्या जगण्यातील ताण कथेच्या नैतिक पेचाशी जोडला गेला तर पुनर्घडण टिकते. माइल्सची सोडत हे याचे यशस्वी उदाहरण होय, तर पवित्रची शिष्यवृत्ती ही हातची निसटलेली संधी होय.

(४) पुनर्घडण जुन्या कथेवर नवा प्रकाशही टाकते. मूळ कथेतील अपघाताचे महत्त्व पवित्रच्या कथेतील योग्यामुळे अधिक जाणवते, आणि काकांच्या मृत्यूचे नेमके कार्य काय होते हे ते जिवंत असलेल्या आवृत्तीमुळे कळते.

भाषांतर, रूपांतर आणि पुनर्कथन या विषयांच्या अध्यापनात कॉमिक्सला आजवर गौण स्थान मिळत आले आहे. एकाच कथेच्या इतक्या थोड्या काळात, इतक्या जाणीवपूर्वक केलेल्या आणि इतक्या सहज उपलब्ध असणाऱ्या आवृत्त्या अन्य वाङ्मयप्रकारांत क्वचितच सापडतात. पौराणिक कथेच्या आधुनिक पुनर्कथनाबरोबर त्या वर्गात ठेवल्या, तर रूपांतराने काय राखले आणि काय गमावले हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष चौकटींवर बोट ठेवून तपासता येईल. शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेल्या पवित्रची कथा पुढे कशी लिहिता आली असती, हा प्रश्न तर गावाकडून शहरात शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांना कोणत्याही समीक्षकाहून अधिक अधिकाराने सोडविता येईल.